आवळ्यावरचा आळ

भीमराजने कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवला, आवळ्याभोवती एक फेरी मारली आणि वर पाहिले. फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

"कपिलभाऊ, दिवाळी होऊ द्या ना. भरलं झाड हाये."

"आजच." कपिलने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "हे पाह्य. त्या कॅमेऱ्यानं सकाळपासून सव्वीस वेळा कळवलं. 'हालचाल आढळली, हालचाल आढळली.' उघडून पाहतो त ह्या झाडाची सावली. ओसरीत कापूस भरून हाये. उद्या खरंच चोर आला, त मी त्यालेबी सावलीच समजन."

ओसरीच्या पायरीवर कपिलचे वडील, भगवानराव, उभे होते. घाटंजीच्या वाचनालयात एकतीस वर्षे त्यांनी लोकांना पुस्तके काढून दिली, पण कधी कोणाला उलट उत्तर दिले नव्हते. आवळा त्यांनीच, निवृत्तीच्या वर्षी लावलेला. आज त्यांच्या काखेत एक वही होती. ती सकाळपासून त्यांनी तीनदा आत नेऊन ठेवली आणि तीनदा बाहेर आणली. आपलेच चुकत असले तर? कॅमेरा पोराने आणलेला. त्यातले त्यालाच कळणार.

भीमराजने शर्ट काढून कुंपणावर टाकला. कुऱ्हाड खांद्याच्या वर गेली.

"थांब बाप्पा," भगवानराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावे लागले. "थांब! त्या झाडानं काही केलं नाही."

भीमराज हसला. "काकाजी, झाडाचं वकीलपत्र घेतलं काय?"

"बाबा, तुम्ही आत जा ना," कपिल म्हणाला. "तुमाले नाही समजत त्यातलं."

ते गेले नाहीत. त्यांनी वही पायरीवर ठेवली, खाली बसले आणि ओळीवर बोट ठेवले.

"माह्या मोबाइलवरबी येते ते. मी लिहून ठेवत गेलो. पोळ्याले कॅमेरा लावला. तवापासून दसऱ्यापर्यंत दिवसाले तीन, फार त चार. दूधवाला, शेजारची बकरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. आवळा काय दसऱ्याले उगवला काय?"

भीमराजने कुऱ्हाड खाली टेकली.

"तवा पावसाळा होता," कपिल म्हणाला. "ऊन नाही त सावली कुठून येईन?"

भगवानरावांनी पान उलटले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला दोन दिवस विचारला होता. "मंगळवारी दिवसभर आभाळ होतं. सावली म्हणून नाही. तरी अडतीस."

कपिलने वही हातात घेतली. ओळीवरून ओळ वाचत गेला. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"मंग हलते कोन?"

आता खरी अडचण होती. उत्तराची धनीण दारातच उभी होती. भगवानरावांनी बायकोकडे, मैनाबाईंकडे, न बघता खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केले. दसऱ्याला मैनाबाईंनी ट्रॅक्टर पुजला, वजनकाटा पुजला, शिलाई मशीन पुजली आणि घरात नवा आलेला म्हणून कॅमेऱ्यालाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. हार आता सुकला होता. त्याचा एक दोरा सुटून, टोकाला एक वाळके फूल घेऊन, भिंगापुढे झुलत होता.

"आई! तू कॅमेऱ्याले हार घातला?"

"मंग? नव्या वस्तूची पूजा नाही कराव काय? कॅमेरा येऊन दोन महिने झाले नाही, अन् त्याच्यापायी मलेच बोलून राह्यला!"

"पूजा बरोबर हाये," भगवानराव घाईने म्हणाले. "फक्त हार देवाच्या डोळ्यावर आला. डोळ्यापुढं बोट धरलं त पहाड झाकते. त्याले तो दोरा केवढा दिसत असन! त्यालेच तू झाडाची सावली समजला."

मैनाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग आतून स्टूल आणले आणि स्वतः धरून उभ्या राहिल्या. "चढा. पण हार फेकाचा नाही, सांगून ठेवते."

भगवानरावांनी तो फेकला नाही. तो वर सरकवला, खांबाला दोन वेढे देऊन बांधला आणि सुटलेला दोरा आत खोचला.

सगळे ओसरीत, कॅमेऱ्याच्या मागे जाऊन बसले. मैनाबाईंनी चहा आणला. कपिलचा मोबाइल मधोमध ठेवला होता. थोड्या वेळाने वारा सुटला. आवळ्याची बारीक पाने सळसळली, सावली अंगणभर नाचली, एक आवळा टपकन पडला.

मोबाइल गप्प होता.

पुन्हा झुळूक आली. मोबाइल गप्पच. चहा संपला, अर्धा तास गेला. भगवानराव मोबाइलवरून नजर काढत नव्हते; त्यांना अजूनही वाटत होते की आता वाजेल.

"बाबा," कपिल हळूच म्हणाला, "हे मले आधी काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, माहंच चुकत असन."

वही कपिलने दोन्ही हातांनी मिटली आणि वडिलांच्या मांडीवर ठेवली. मग भीमराजकडे वळला. "जा भाऊ तू. काम नाही आज."

"माह्या बापजन्मात झाड सुटताना नाही पाह्यलं," म्हणत भीमराज उठला. शर्ट चढवला, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि अंगण ओलांडून निघाला.

दोन्ही मोबाइल एकदम वाजले.

भगवानरावांनी चष्मा पुसून पडदा डोळ्यांजवळ धरला. उन्हात आवळा सगळ्या फांद्यांनिशी उभा होता, आणि कुऱ्हाडवाला माणूस पाठमोरा फाटकाबाहेर चालला होता.