चौदाव्या विटेचा निकाल

चौदा क्रमांकाची वीट दोन्ही कागदांत फुटली होती.

भाईदास सोनवणे यांनी चष्मा पुसला आणि तक्ते पुन्हा ताडून पाहिले. केळीच्या खोडाचा धागा मिसळून केलेल्या तीस विटा, प्रत्येकीपुढे ती किती दाब सोसते त्याचा आकडा; आणि चौदाव्या विटेपुढे दोन्हीकडे एकच शेरा : ‘यंत्रावर चढवताना हातातून पडली.’ एक कागद जुन्या पदव्युत्तर प्रबंधातला, दुसरा पाच वर्षांनी छापून आलेल्या शोधनिबंधातला. लेखकांच्या नावांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या. हा विषय एके काळी जिल्ह्यातल्या दर दुसऱ्या महाविद्यालयाने घेतला होता, त्यामुळे अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता.

“चोरनी फुटेल वीटबी सोडी नही का?” चहा ठेवताना पत्नी रुक्माबाईंनी विचारले.

“नाही ना. वाचायचे कष्ट घेतले असते तर निदान तेवढी तरी वगळली असती.”

जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तेहतीस वर्षे बांधकाम विभाग सांभाळून भाईदास सर निवृत्त झाले होते. धुळ्याहून निघणाऱ्या संशोधन त्रैमासिकाच्या नीतिसमितीचे ते अध्यक्ष. समितीचे नियम त्यांनीच बांधले होते. नावे कार्यालयातली रूपा झाकेल आणि मूळ पाने मोहोरबंद ठेवेल. आधी शिक्षा लिहायची, तिच्यावर सही करायची, मगच पाकिटे उघडायची. एकदा सही झाली की फेरविचार नाही. नाव कळले की माणसाची लेखणी वाकते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

“स्वप्नील सकायमा कागद दी गया,” रुक्माबाई म्हणाल्या. “पेढाबी शेतस.”

स्वप्नील हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता प्राध्यापक. सरांनी त्याने ठेवलेल्या गठ्ठ्याचे शेवटचे पान काढून सही केली. या वर्षातला हा त्याचा तिसरा की चौथा निबंध, ते त्यांना आठवेना. मुले गुरूला विसरत नव्हती, एवढे समाधान पुरेसे होते.

दुपारी सरांच्या पिंप्राळ्यातल्या घरासमोर एक रिक्षा थांबली. ज्योत्स्ना तायडे आत आली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. सध्या धुळ्याच्या एका महाविद्यालयात शिकवत होती.

“बस. तुझी बढती अडकली म्हणे?”

“हो सर. तुमच्यासमोर जे प्रकरण आहे ना, त्याच्यामुळेच.”

सरांनी कप खाली ठेवला. “त्याविषयी माझ्याशी बोलायचं नाही. नियम ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. नाव सांगायला आलेच नाही मी. फक्त... शिक्षा थोडी सौम्य लिहा, एवढंच.”

“चोरावर एवढी माया?”

“चोर म्हणवत नाही हो, सर. लेखावर नाव आहे, पण त्या माणसाने तो वाचलाच नसेल कदाचित.”

“वा! म्हणजे सही आपोआप उमटली?”

ज्योत्स्ना टेबलावरच्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सर, माझा प्रबंध तुम्ही—”

“तुझा प्रबंध मध्ये आणू नकोस. मी तुझा मार्गदर्शक होतो म्हणून सवलत मिळेल असं वाटलं तुला? मी तुला हेच शिकवलं?”

“नाही सर,” ती उठली. “तुम्ही मला हे शिकवलं नाहीत.”

तिने वाकून नमस्कार केला. सरांनी पाय मागे घेतले.

ती गेल्यावर सरांनी दार लावून घेतले. हुशार मुलगी होती. वाईट वाटले. पण वाईट वाटते म्हणूनच तर नियम करायचे असतात. त्यांनी निकालपत्र ओढले आणि आधीच्या मजकुराखाली एक कलम वाढवले : ‘पहिल्या क्रमांकाचा लेखक पूर्णपणे जबाबदार. लेख वाचला नव्हता, ही सबब ऐकली जाणार नाही. त्यास सर्व समित्यांवरून तत्काळ दूर करावे आणि त्याचे नाव त्रैमासिकाच्या पहिल्या पानावर ठळक छापावे.’ खाली तारीख घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते धुळ्याला पोहोचले. कार्यालयात चिटणीस अमृतभाऊंनी निकालपत्र वाचले आणि दबकत विचारले, “सर, जरा कडक नाही होत?”

“अमृतभाऊ, कडक नसेल तर तो निकाल कसला?”

समितीच्या इतर दोन्ही सदस्यांनीही सह्या केल्या. रूपाने दोन पाकिटे टेबलावर ठेवली. ती कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हती.

अमृतभाऊंनी पहिले पाकीट फोडले. “मूळ प्रबंध... अरे, हा तर तायडे मॅडमचा! त्यांनी यावरून लेख पाठवला, तर तो या छापलेल्या निबंधाशी जुळतो म्हणून संगणकाने त्यांनाच चोर ठरवलं होतं. बढती त्यातच अडकली बिचारीची.”

भाईदास सरांच्या छातीवरचे ओझे उतरले. म्हणजे पोरगी निर्दोष होती. आज परत जाताना तिच्या घरी जायचे, त्यांनी ठरवले. पायांवर वाकलेल्या मुलीसमोर आपण पाय मागे घेतले, त्याची भरपाई करायला हवी होती.

“आता दुसरं उघडा,” ते म्हणाले.

अमृतभाऊंनी पान बाहेर काढले, वाचले आणि ते टेबलावर पालथे ठेवले.

“मोठ्याने वाचा, अमृतभाऊ. नियम आहे.”

“सर, दुसरे लेखक स्वप्नील.”

“पहिला कोण ते विचारतोय मी.”

अमृतभाऊंनी पान सरळ केले आणि हलकेच त्यांच्याकडे सरकवले. नावाखाली सही होती. निकालपत्रावरच्या सहीइतकीच वळणदार, ठाम आणि त्याच हातची.