बिनतारखेचा टॅग

दुखऱ्या गुडघ्यापायी शेषराव दुर्ग शहरातल्या एका क्लिनिकचे दोन मजले तीनदा बसत, कण्हत चढले. मागून त्यांची बायको हिराबाई पिशवी आणि नवऱ्याची कुरकुर सांभाळत आल्या.

"स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या काका, पळाल," त्यांच्यासारखाच नागपूरकडचा असलेला डॉक्टर हसत म्हणाला.

शेषरावांनी चष्मा चढवला, तशी हिराबाई समजल्या, आता काही खरं नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये सेफ्टी विभागात चौतीस वर्षं या माणसाने परमिटशिवाय कोणाला साधा बोल्ट फिरवू दिला नव्हता. घरी बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विचला 'हात लावू नये'चा लाल टॅग बांधायचे.

"रक्ताच्या आजारात याचा गुण येते, हे पोरीनं सांगतलं मले. पण गुडघ्यावर अजून संशोधनच चालू हाये म्हणते. तुमाले त्याची मंजुरी हाये का?"

"सारेच घेऊन राहिले, काका."

"म्हंजे परमिट नाही!"

खिशातून लाल टॅग काढून शेषरावांनी तो इंजेक्शनच्या ट्रेला बांधला आणि तरातरा खाली उतरले. ऑटोत बसल्यावर त्यांना आठवलं, टॅगवर तारीख टाकायची राहिली. बिनतारखेचा टॅग त्यांनी जन्मात लावला नव्हता. ते तसेच उठून वर गेले, तारीख टाकली, सही ठोकली आणि परत आले.

हिराबाई जरा सरकून बसल्या.

"दोन मजले एका दमात चढले तुमी. गुडघ्याले परमिट कोनं देलं?"