घरचं मशीन

भूपालअण्णांनी मेहुण्याशी मिशीची पैज मारली आणि सांगलीच्या पेठेत घड्याळजीच्या दुकानापुढं गर्दी जमली. लेकानं परदेशातून पाठवलेलं सोन्याचं घड्याळ काट्यापासून मशीनपर्यंत कंपनीनं स्वतःच्याच कारखान्यात बनवलंय, असं अण्णांचं म्हणणं. घड्याळजीनं झाकण उघडून भिंगातून पाहिलं. “घड्याळ अस्सल हाय, अण्णा. पन आतलं मशीन दुसऱ्या कारखान्यातनं आणून बसवलंय.” मेहुण्यानं उडीच मारली. “दाजी, मशीन घरचं न्हाई! उतरवा मिशी!” समोरचा न्हावी वस्तरा परजत आलासुद्धा. अण्णांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. तेवढ्यात त्यांची बायको पिशवी खाली ठेवून भावापुढं उभी ठाकली. “दादा, मला बी तुझ्याच घरातनं आणून बसवलंय न्हवं? तीस वर्सं घर मीच चालवतीया. मग मी ह्यांच्या घरची न्हाई व्हय रं?” मेहुण्यानं आपल्या मिशीवरून शेवटचा हात फिरवला आणि न्हाव्यापुढं बसकण मारली.