दारावरची लिंबू-मिरची

पनवेलच्या स्टुडिओत संगणकावर उभारलेल्या घराच्या दारावर लिंबू-मिरची लटकत होती, आणि वापरलेल्या थ्रीडी मॉडेलांच्या नोंदीत ती कुठेच नव्हती. संध्याकाळी पाचला काम ग्राहकाकडे जायचे होते. एकही मॉडेल चोरीचे निघाले, तर करार रद्द होणार होता. टीमप्रमुख वल्लरीचा संशय सरळ नुकत्याच रुजू झालेल्या शाहीदवर गेला.

"नेटवरून उचललीस ना? खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"अल्लाकसम, मॅडम, मी नाही! आमच्यात कोण टांगतं लिंबू-मिरची?"

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले स्टुडिओचे मालक प्रभाकर सर मागे उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

 

"या घराचा सीन उघडला की संगणक सारखा बंद पडत होता, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी मीच बनवून टांगली. नोंदवायला लाज वाटली."