राहून गेलेली खूण

"ओळी आडव्या पडल्या तर माझ्याशी गाठ आहे," शकूआत्याने बजावलं होतं. म्हणून मी भजनांच्या ओळी दाखवणाऱ्या माझ्या ॲपच्या सेटिंगमध्ये स्क्रीन उभीच बांधून टाकली, अक्षरं मोठी केली आणि चिन्ह म्हणून तिच्या टाळांचा फोटो लावला. नववीतल्या मुलीच्या ॲपवर विसंबून तिचं भजनी मंडळ वह्या घरी ठेवून स्पर्धेला आलं होतं, त्यामुळे मी पहिल्या रांगेत मिरवत बसले होते.

ध्रुपद दणक्यात झालं. आत्याने पहिल्या कडव्याची ओळ उचलली आणि तिच्यासमोरचा फोन काळा झाला. मग शेजारच्या काकूंचा, मग सगळ्यांचेच. "स्क्रीन जागी ठेवा" या चौकोनात खूण करायला मी साफ विसरले होते.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की घरी जायचं की नाही, याचाच मी विचार करू लागले. मग तिने तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा, जरा वर नेऊन. पुन्हा, लांबवून. बायका मागे धरत राहिल्या आणि तेवढ्यात एकेकीने आपला फोन उघडला; पेटीवाल्या काकूंनी तर, दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे, नाकाने. परीक्षक तर डोळे मिटून डोलत होते.

"एकेका ओळीत इतकं रमणारं मंडळ आज पहिल्यांदा ऐकलं," म्हणत त्यांनी पहिलं बक्षीस दिलं.

घरी येताच मी लॅपटॉप उघडला. "आत्या, आता खूण करून टाकते."

"हात लावू नकोस," करंडक पुसत आत्या म्हणाली. "जिल्ह्याच्या फेरीला प्रत्येक कडव्याला फोन काळा होईल असं बघ."