चार नंबरचा वाफा

झुंबरबाई वाफ्यात जाऊन बसल्या. काठावर नाही, आत, ओल्या मातीत मांडी घालून. म्हणाल्या, खोदायचं असेल तर आधी मला उचला.

नांदुऱ्याच्या डब्बेवाल्या कॉलनीच्या गच्चीवर रविवारी सकाळी बाराही घरची माणसं जमली होती. कॉलनीचं कागदावरचं नाव भारी होतं. पण कारखान्यात तयार होऊन ट्रकवर आलेली, क्रेननं उचलून एकावर एक ठेवलेली आणि बोल्टांनी आवळलेली घरं पाहिली आणि गावानं तिला हे नाव दिलं. घरं लोखंडी पायांवर उभी, खाली अंगणभर सिमेंटचे गट्टू. माती काय ती गच्चीवर, बारा वाफ्यांत. घराघरातल्या मोरीचं पाणी गाळून वर यायचं, त्यावर पालक-मेथी पिकायची आणि रविवारी सगळ्यांची भाजी एकाच पातेल्यात शिजायची.

उन्हाचा वाफा एकाच घराकडे राहू नये म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाफे बदलायचे. जो बदलणार नाही त्यानं घराची चावी परत करायची. तशी सही करूनच प्रत्येकानं चावी घेतली होती.

त्यात चार नंबर म्हणजे सगळ्यात रद्दी वाफा. वर पाण्याच्या टाकीची सावली, धड कोथिंबीर यायची नाही. तो सुटतोय म्हणून दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते, आणि ही बाई त्यात ठाण मांडून बसलेली. मग संशय येणारच. मलाही आला असता.

आठ दिवसांपासून कॉलनीत हेच चाललं होतं. कोणी म्हणे सोनं पुरलंय. कोणी म्हणे सोनं कसलं, करणी आहे. चारच्या मागच्याच सात नंबरात अमीरबीचे टमाटे जळाले होते. उन्हानं जळाले असतील, पण साधं कारण कोणाला हवं असतं? त्यात अमीरबीनंच सांगितलं होतं, की झुंबरबाईंना तिनं पहाटे, अजानच्याही आधी, चार नंबरात उकरताना पाहिलं. एवढ्या पहाटे अमीरबी स्वतः गच्चीवर काय करत होती, हे कोणी विचारलं नाही. संशय एका वेळी एकाचाच घेता येतो.

वामनराव कॉलनीचे सेक्रेटरी. जिनिंगमध्ये तीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाडीत हात खुपसून ओल शोधली होती. तेव्हापासून त्यांना कोरडं असं काही दिसतच नसे. यंदाच्या चिठ्ठीत चार नंबर अमीरबीला आला होता आणि अमीरबीचा भर उन्हातला सात नंबर वामनरावांना. त्यावरही लोकांचं बोलून झालं होतं.

झुंबरबाईंचा मुलगा दीपक आईला हळू आवाजात समजावत होता. सहा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलल्यावर हे घर मिळालं, ते गेलं तर तान्हं पोर घेऊन कुठं जायचं, असं तो म्हणत होता. त्याची बायको राखी तीन महिन्यांचं बाळ खांद्याला लावून जिन्यापाशी उभी होती. तिच्या शेजारी अमीरबीची लेक फिजा, बाळंतपणाला माहेरी आलेली, तिचंही पोर तेवढंच. राखीला खरोखर काही ठाऊक नव्हतं. तीही सासूकडे संशयानंच पाहत होती.

शेवटी झुंबरबाई उठल्या. लेकाकडे पाहून उठल्या.

वामनरावांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. चाचपत राहिले. सगळे पुढे वाकले. हात बाहेर आला तेव्हा त्यात लिंबाएवढी पुरचुंडी होती, हळदीनं पिवळ्या झालेल्या फडक्याची.

हळद दिसली आणि सगळे एक पाऊल मागे सरले. राखीनं बाळाचं तोंड पदरात झाकलं. मी म्हणतच होतो, असं वामनराव म्हणाले, पण गाठ सोडायला त्यांची बोटं धजेनात.

"सोडू नका," झुंबरबाई म्हणाल्या. "माह्या नातवाची नाळ हाय ते. सातव्या दिवशी पडली. घरच्या जमिनीत पुरा लागते. या घराले जमीनच नाई, त मी कुठं पुरू? गट्टू उकरू का? आन् एकदा पुरलेली नाळ कोणी हलवत नाई."

"मंग आधी सांगतलं काऊन नाई?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"सांगतलं असतं, त तुमी या वाफ्याची भाजी खाल्ली असती?"

पुरचुंडी वामनरावांच्या तळहातावर तशीच होती. ती ठेवावी कुठं हे त्यांना कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटली. राखी रडायला लागली.

अमीरबी पुढे आली. तिनं पुरचुंडी त्यांच्या हातातून घेतली, वाफ्याशी उकिडवी बसली आणि जिथून निघाली होती तिथंच ठेवली. माती ओढली, दोन्ही तळव्यांनी थापली, वर ओंजळभर पाणी सोडलं. हात सराईत होते.

"चार नंबर आता माहा हाय न," ती झुंबरबाईंना म्हणाली. "मी इथं पुदिना लावीन. पुदिन्याले खोदा लागत नाई."

मग ओढणीला हात पुसत, कोणाकडेही न पाहता ती जिन्याकडे निघाली. फिजापाशी थांबली. तिच्या खांद्यावरचं पोर आपल्याकडे घेतलं आणि वळली.

"वामनभाऊ, तुमाले सात नंबर आला न? तुमी बी पुदिनाच लावा."