पाचवं बोट

युकुलेले या चार तारांच्या चिमुकल्या वाद्यासाठी कुणी कुणी बांधलेल्या जुन्या सुरावटी गोळा करता करता मास्तरांच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. आजचा कागद तर इतका ठिसूळ, की शिंकायचीही चोरी. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तो विरण्याआधी नक्कल उतरवून, वाजवून पाहायची होती.

अडचण एकच. तारा दाबतात डाव्या हाताची चार बोटं, म्हणून बोटांच्या खुणाही एक ते चार. या कागदावर मात्र जागोजागी पाच.

"लिहिणाऱ्याला डुलकी लागली असणार," म्हणत मास्तरांनी नकलेतले सगळे पाच खोडले. दुपारभर वाजवून खांदे भरून आले, तरी सूर जुळेना.

"अहो, लंगडतंय ते," बायको आतून म्हणाली. "आहे तसं लिहा आणि जेवायला या."

कंटाळून त्यांनी पाच परत लिहिले आणि शेवटचं म्हणून वाजवायला घेतलं. पाचाच्या खुणेशी ते सूर सोडून देणार होते. पण तिथली तार आपोआप दबली आणि सूर स्वच्छ उमटला.

"आता कसं," बायको म्हणाली.

मास्तरांना हात उचलवेना. पुढचा पाच अगदी अडचणीच्या जागी होता. कुणीतरी त्यांची करंगळी हलकेच बाजूला सरकवली.